मूळ कोणत्या मातीतले?

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

आयुर्वेदाच्या परंपरेत औषधी वनस्पतीची ओळख तिच्या नावारूपाने किंवा रस-वीर्य-विपाकाने पुरी होत नाही. ती कोणत्या भूमीत वाढली, कोणत्या ऋतूत खणली आणि कशी साठवली, हाही तिच्या ओळखीचाच भाग मानला गेला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात या प्रश्नाला भूमिप्रविभागीय नावाचा स्वतंत्र अध्याय दिलेला असून, औषध घेण्यास योग्य जमीन कोणती हे सांगताना संहिताकाराने अयोग्य जमिनींची मोजदादही केली आहे: खाचखळग्यांची, खडीची, दगडगोट्यांची, उंचसखल, वारुळांनी व्यापलेली, श्मशानाची, वधस्थानाची, देवालयाच्या आवारातली, वाळूची. यांतले काही निषेध श्रद्धेतून आले असतील, काही सरळ निरीक्षणातून आले असतील; परंतु जमिनीचा दोष डोळ्यांना दिसतो किंवा निदान गावाच्या स्मरणात तरी असतो, हे गृहीत त्या सगळ्यांच्या मुळाशी आहे. श्मशान कुठे आहे, हे गावात नव्याने आलेल्यालाही कोणी ना कोणी सांगतेच.

विसाव्या शतकाने या मोजदादीत ज्या जमिनीची भर घातली, तिचा दोष डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि चवीलाही लागत नाही. युरेनियमच्या खाणीतून काढलेल्या दगडातला धातू घेतल्यावर जो गाळ उरतो, तो ज्या दरीत साठवला जातो ती दरी, तिच्या बांधाखालचा ओढा आणि वाऱ्याच्या वाटेवरचा माळ, अशी ही जमीन असते. काही वर्षांत तिच्यावर गवत येते, झुडपे येतात, पाखरे येतात आणि चार पावसाळ्यांनंतर ती आसपासच्या जंगलापासून सहज वेगळी काढता येत नाही. अशा जमिनीवर उगवलेल्या औषधी वनस्पतीचे काय होते, ती घेणाऱ्या माणसाचे काय होते आणि हे दोन्ही प्रश्न इतकी वर्षे कडेला का राहिले, याचा विचार प्रस्तुत व्याख्यानात केला आहे.

या विचारासाठी भारतातले सर्वांत महत्त्वाचे स्थळ झारखंडच्या पूर्व सिंहभूम जिल्ह्यातले जादुगोडा हे आहे. जमशेदपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या या टापूत संथाळ, हो, मुंडा आणि भूमिज समाजांची गावे आहेत, आणि त्यांच्या पायाखालून तांबे व युरेनियम धारण करणारा खडकांचा एक लांबलचक पट्टा जातो. १९५१ मध्ये येथे युरेनियमचा साठा सापडला, १९६७ मध्ये युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि पुढे भाटिन, नरवापहाड, तुरामडीह, बागजाता, बांदुहुरांग अशा खाणी एकामागून एक उघडत गेल्या. येथल्या दगडात युरेनियमचे प्रमाण जेमतेम ०.०५ टक्क्याच्या आसपास असल्यामुळे एक टन दगड फोडून, दळून, गंधकाम्लात विरघळवून हाती लागतो तो अर्ध्या किलोच्या आगेमागे धातू. त्याची पिवळी भुकटी पुढच्या प्रक्रियेसाठी हैदराबादला जाते आणि बाकीचा जवळजवळ सगळा टन तिथेच राहतो.

या उरलेल्या मालाला इंग्रजीतून आलेला ‘टेलिंग’ हा शब्द जादुगोड्यातही रूढ आहे. दळलेल्या दगडाचा हा चुरा असतो. त्यात चुना घालून आम्लता मारली जाते, त्यातला जाडसर, वाळूसारखा भाग वेगळा करून खाणीतल्या रिकाम्या पोकळ्या बुजवण्यासाठी परत खाली पाठवला जातो, आणि पिठासारखा बारीक भाग पाण्याबरोबर नळांतून वाहत टेकड्यांमधल्या बांध घातलेल्या तळ्यांत जाऊन निवळतो. वरचे पाणी काढून त्यात बेरियम क्लोराइड मिसळले, की पाण्यात विरघळलेले रेडियम त्याच्याबरोबर खाली बसते, आणि मग ते पाणी ओढ्यावाटे सुवर्णरेखा नदीकडे सोडले जाते. ही रचना अडाणीपणाची नाही, तिच्यात रसायनशास्त्राचा विचार आहे, हे न्यायाने म्हटलेच पाहिजे. मात्र तिची सारी भिस्त नळ न फुटण्यावर, बांध न झिरपण्यावर आणि तळे कोरडे पडल्यावर वारा न सुटण्यावर आहे. २००६ च्या २४ डिसेंबरला गाळ वाहून नेणारा नळ फुटून तो गाळ कित्येक तास जवळच्या ओढ्यात वाहत राहिला होता.

युरेनियम काढून घेतल्यावर त्या गाळात धोकादायक असे काय उरते, हा प्रश्न साहजिक आहे, आणि त्याचे उत्तर नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही. किरणोत्सार म्हणजे अस्थिर अणूने कण किंवा किरण बाहेर टाकून दुसऱ्या अणूत रूपांतरित होणे. सेकंदाला असे एक रूपांतर झाले, तर त्याला एक बेकरेल म्हणतात. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे निम्मे अणू बदलायला लागणारा काळ, सुमारे ४४७ कोटी वर्षांचा आहे. परंतु ते बदलले की थेट स्थिर होत नाही. त्यातून थोरियम-२३० होते, त्याचे अर्धायुष्य सुमारे ७५ हजार वर्षांचे. त्यातून रेडियम-२२६, सुमारे १६०० वर्षांचे. त्यातून रेडॉन हा वायू, चार दिवसांहूनही कमी आयुष्याचा. आणि पुढे शिसे-२१० व पोलोनियम-२१० यांच्यामार्गे अखेर स्थिर शिसे. दगड कोट्यवधी वर्षे न हलता पडून राहिलेला असल्यामुळे ही सगळी वंशावळ त्यात एकत्र नांदत असते. गिरणीतले आम्ल त्यातून युरेनियम तेवढे उचलते. थोरियम, रेडियम आणि त्यांची संतती गाळातच राहते. त्यामुळे मूळ दगडाच्या किरणोत्सारापैकी सुमारे ८५ टक्के भाग टाकाऊ मालात उरतो, आणि थोरियमच्या आयुष्याकडे पाहता तो मानवी इतिहासाच्या कोणत्याही मापाने संपणारा नाही.

विज्ञानाच्या इतिहासाने ही गोष्ट सुरुवातीलाच दाखवून दिली होती. मारी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये रेडियमचा शोध जाहीर केला, पण ते वेगळे काढण्यासाठी त्यांना युरेनियमचे महागडे खनिज परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी बोहेमियातल्या योआखिमस्थाल येथील खाणीचा टाकाऊ माल मागवला. काच रंगवण्यासाठी लागणारे युरेनियम काढून घेतल्यावर तो पाइनच्या रानात ओतून दिलेला होता, आणि पॅरिसला आलेल्या पोत्यांतल्या तपकिरी मातीत त्या झाडांच्या सुया मिसळलेल्या होत्या. अशा कित्येक टन मालातून १९०२ मध्ये एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड निघाले. रेडियम पहिल्यांदा हाती लागले ते कचऱ्यातून. आणि तो कचरा ज्या झाडांखाली पडून होता, त्या झाडांत काय उतरले असेल, हा प्रश्न मात्र तेव्हा कोणाला पडल्याची नोंद नाही.

जादुगोड्याच्या दर्जाच्या दगडाचा हिशेब मांडला, तर गाळाच्या एका किलोत सुमारे पाच हजार बेकरेल रेडियम निघते. जगातल्या साध्या मातीत हेच प्रमाण किलोला तीस-पस्तीस बेकरेलच्या घरात असते. म्हणजे गाळ हा साध्या मातीच्या शे-दीडशे पट किरणोत्सारी आहे. आता वनस्पती यातले किती उचलते, हे सांगण्यासाठी संक्रमण गुणांक नावाचे एक माप वापरतात: वनस्पतीच्या कोरड्या वजनातले प्रमाण भागिले मातीतले प्रमाण. युरेनियमसाठी हा गुणांक सहसा हजारांश ते शतांशाच्या दरम्यान राहतो आणि रेडियमसाठी बहुधा त्याहून अधिक असतो. कारण रेडियम हे रासायनिक स्वभावाने कॅल्शियमचे भावंड आहे. झाड ते कॅल्शियम समजून घेते आणि माणसाचे शरीरही त्याच चुकीने ते हाडांत नेऊन ठेवते. युरेनियम बहुतांशी मुळांतच अडकते, वर पानाफुलांत फारसे चढत नाही. शिसे-२१० आणि पोलोनियम-२१० यांची वाट आणखी वेगळी आहे. गाळातून सुटलेला रेडॉन हवेत विरतो, त्याची संतती धुळीच्या कणांना चिकटते आणि ती धूळ वरून पानांवर बसते. तिथे मुळांचा संबंधच येत नाही.

या तीन वाटा लक्षात घेतल्या, की ‘वनस्पती दूषित आहे का’ हा प्रश्न फार ढोबळ आहे, हे कळून येते. वैद्य प्रत्येक वनस्पती सबंध वापरत नाही. कुणाचे मूळ, कुणाची साल, कुणाचे पान, कुणाचे पंचांग, म्हणजे सबंध झाड, वापरतो. पुनर्नव्याचे मूळ घेणाऱ्याला युरेनियमची आणि मुळाला चिकटलेल्या मातीची काळजी अधिक करावी लागेल. आघाड्याच्या पानावरून बोट फिरवले, तर बारीक लव हाताला लागते. तीच लव धूळ धरून ठेवते आणि पावसाच्या एका सरीने ती सगळी धुऊन जात नाही. उलट, जमिनीपासून उंच वाढलेल्या, गुळगुळीत सालीच्या आवळ्याला किंवा हिरड्याला धुळीचा उपद्रव कमी होईल. एकाच टेकडीवरच्या दोन औषधांचे निकाल इतके वेगळे येऊ शकतात, की एका वनस्पतीच्या मोजमापावरून दुसरीला निर्दोष ठरवणे किंवा दोषी ठरवणे ही सारखीच घाई ठरेल.

येथे एक गोष्ट विशेष बारकाईने पाहण्याजोगी आहे. आघाडा, पुनर्नवा, भुईरिंगणी, टाकळा, माका, भुईआवळा ही आपल्याकडची नित्याच्या वापरातली औषधे घनदाट, न हललेल्या जंगलात शोधून फारशी सापडत नाहीत. ती उकरलेल्या, भरावाच्या, बांधाच्या, रस्त्याकडेच्या जमिनीत आपणहून येतात. मोडलेली जमीन हेच त्यांचे माहेर. खाण म्हणजे तर जमीन मोडण्याचाच उद्योग. त्यामुळे खाणीच्या कडेला औषधी वनस्पती कमी होतात, असे समजणे एका अर्थी चूक आहे. मोठे वृक्ष जातात, वेली जातात, सावलीतले कंद जातात, पण या झुडपी औषधांची उलट रेलचेल होते, आणि मूळ जंगल दूर गेल्यामुळे औषध गोळा करणाऱ्या बाईचा हात नेमका त्यांच्याकडेच वळतो.

याहूनही अंतर्मुख करणारी गोष्ट गवताची आहे. कोरड्या पडलेल्या तळ्यांवर मातीचा थर देऊन, गाळ उडू नये व वाहू नये म्हणून त्यावर वनस्पती लावाव्यात, हा जगभर मान्य असलेला उपाय आहे. जादुगोड्याच्या तळ्यांसाठी कोणत्या जाती योग्य, याचा अभ्यास देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी केला. कोणाची मुळे किती खोल जातात आणि गाळ किती घट्ट धरतात, हे तपासून त्यांनी ज्या सात जातींचा विचार केला, त्यांत काशे गवत आणि दर्भ म्हणून ओळखले जाणारे गवत ही दोन्ही आहेत. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही निवड चोख आहे. पण आयुर्वेदाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे दोन शब्द एकत्र ऐकल्यावर तृणपंचमूळ आठवल्याशिवाय राहणार नाही. पाच गवतांच्या मुळांचा हा गण ग्रंथपरत्वे थोडा बदलत असला, तरी काश आणि दर्भ त्यात कायम आहेत, आणि तो सांगितला आहे तो मुख्यतः मूत्राच्या तक्रारींवर. युरेनियम पोटात गेले, तर त्याच्या किरणोत्साराआधी त्याची रासायनिक विषबाधा त्रास देते, आणि ती होते मूत्रपिंडांना. गाळ धरून ठेवण्यासाठी मुळांच्या घट्ट जाळ्यामुळे निवडलेले गवत आणि लघवीच्या जळजळीवर मूळ म्हणून उकळले जाणारे गवत एकच असावे, याची जाणीव तळ्यावर काम करणाऱ्या तंत्रज्ञाला असण्याचे कारण नव्हते; ती करून देण्याचे काम ज्यांचे होते, त्या वैद्यकाच्या माणसांना अशी निवड करणाऱ्या बैठकीत बोलावण्याची आपल्याकडे रीतच नाही.

असे मूळ घरी आल्यावर त्याचे काय होते, तेही पाहिले पाहिजे. काशाचे मूळ म्हणजे एक गाठाळ, फिकट पिवळसर कांडे आणि त्याला लोंबणारे केसासारखे तंतू. या तंतूंच्या गुंत्यात गाळाचा पिठासारखा कण असा बसतो, की पाण्यात एकदा बुचकळून काढल्याने तो सुटत नाही. खळखळून, चोळून, तीनचार पाणी बदलून धुतल्यावरच पाणी नितळ येते. मुळांतले किरणोत्सारी द्रव्य मोजताना खरोखर आत शिरलेले किती आणि बाहेर चिकटलेले किती, हा भेद संशोधकांनाही नेहमी सतावतो. पुढे काढा करताना चार पेले पाणी आटवून एक पेला करतात. उकळल्याने जंतू मरतात, काही वनस्पतिविषेही मोडतात, म्हणून अग्निसंस्काराने सारे दोष जातात अशी एक समजूत घट्ट रुजलेली आहे. परंतु अणूच्या गाभ्यात घडणाऱ्या गोष्टीवर चुलीच्या आचेचा काडीचाही परिणाम होत नाही. जे द्रव्य पाण्यात उतरले, ते आटवल्यावर कमी पाण्यात तेवढेच राहते, म्हणजे दाट होते; जे उतरले नाही, ते चोथ्यात राहते. क्षारकल्पनेत तर आघाडा जाळून त्याची राख केली जाते. झाडाचा सेंद्रिय भाग जळून जातो आणि खनिज भाग राखेत मूळच्या कितीतरी पट गोळा होतो. पुढे ती राख पाण्यात कालवून गाळतात आणि पाणी आटवतात, तेव्हा कोणते द्रव्य क्षारात आले आणि कोणते गाळणीवर राहिले, हे त्या त्या मूलद्रव्याच्या विरघळण्यावर ठरते. औषधनिर्मितीची प्रत्येक कृती अशी वेगवेगळी तपासावी लागेल.

भीतीपोटी हिशेब फुगवणे हे या विषयातले मोठे पाप आहे, म्हणून आकडेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत. गाळावर वाढलेल्या एखाद्या मुळात किलोमागे ५०० बेकरेल रेडियम उतरले, म्हणजे गाळाच्या एक दशांश, असा मुद्दाम चढा अंदाज धरला, आणि एखाद्या प्रौढाने रोज १० ग्रॅमप्रमाणे महिनाभर ते मूळ सबंध पोटात घेतले, तर १५० बेकरेल शरीरात जातील. किरणसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या गुणकानुसार त्याची मात्रा, म्हणजे शरीराला पोहोचणाऱ्या किरणोत्साराचे माप, सुमारे ०.०४ मिलिसीव्हर्ट होते. सामान्य नागरिकासाठी मानवनिर्मित स्रोतांची वर्षाची मर्यादा जी १ मिलिसीव्हर्ट मानली आहे, तिचा हा साधारण पंचविसावा भाग. एका महिन्याच्या औषधाने माणूस आजारी पडेल, असे यातून मुळीच निघत नाही. मात्र पोलोनियमचा तोच एक बेकरेल रेडियमच्या चौपट मात्रा देतो, आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या शरीरात रेडियमचा तोच एक बेकरेल प्रौढाच्या दहा पटींहून अधिक मात्रा देतो, हेही त्याच आयोगाच्या गुणकांतून निघते. मराठी घरात बाळगुटी उगाळताना आजी हिरड्याचे दोन वळसे, वेखंडाचा एक, असा जो हिशेब ठेवते, त्यात सहाणेवर उतरणारे औषध अगदी थोडे असते आणि त्या थोडेपणातच बाळाचे संरक्षण असते. मात्रा हा शब्द मराठीत औषधालाही लागतो आणि किरणोत्सारालाही, हे येथे सोयीचेच आहे. दोन्हीकडे घेणारा कोण, हे विचारल्यावाचून ती ठरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये वनस्पतिजन्य औषधांच्या गुणवत्ता-तपासणीची जी पुस्तिका काढली, तिच्यात किरणोत्साराचा विचार आहे. अणुभट्टीच्या अपघातानंतर झालेल्या दूषणाचा संदर्भ घेऊन तेथे असा निष्कर्ष काढला आहे, की वर्षाला २० किलोहून अधिक वनस्पतिद्रव्य पोटात गेले तरच लक्षणीय धोका संभवतो आणि इतके औषध कोणी घेत नाही. म्हणून कमाल मर्यादा ठरवलेली नाही. युरोपातल्या दुकानातून कॅमोमाइलचा चहा विकत घेणाऱ्या ग्राहकासाठी हा हिशेब रास्त आहे. जादुगोड्याच्या बांधाखालच्या गावात राहणाऱ्या बाईसाठी तो अपुरा पडतो. तिचे औषध ज्या मातीतून येते, त्याच मातीतून तिची भाजी येते, त्याच ओढ्याचे पाणी आणि मासळी येते, त्याच माळावर तिच्या शेळ्या चरतात, तिथलेच सरपण तिच्या चुलीत जळते आणि तिथलीच हवा ती श्वासातून घेते. औषधाचा पंचविसावा भाग वेगळा काढून तो नगण्य ठरवणे, मग भाजीचा भाग वेगळा काढून तोही नगण्य ठरवणे, आणि अशा नगण्यांची बेरीज कोणीही न करणे, ही शास्त्रीय सावधगिरी नव्हे. शिवाय वनौषधी घेणारा माणूस बहुधा आधीच आजारी असतो. त्याची मूत्रपिंडे निरोगी प्रौढाची गृहीत धरता येत नाहीत.

जादुगोड्यातल्या माणसांच्या आरोग्याविषयी गेली तीन दशके वाद चालू आहे. तिथे जन्मजात व्यंगे आणि इतर आजार अधिक आढळतात, असे स्वतंत्र डॉक्टरांच्या पाहण्यांनी म्हटले; आजारांचे कारण किरणोत्सार नसल्याचे सरकारी वैद्यकीय पथकाने सांगितले; सर्वोच्च न्यायालयापुढे आलेली जनहित याचिका २००४ मध्ये निकाली निघाली. श्रीप्रकाश यांच्या १९९९ च्या माहितीपटाने हे गाव बाहेरच्या जगाला दाखवले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे आरोग्यभौतिकी पथक तेथे वर्षानुवर्षे पाणी, माती, हवा आणि अन्न यांची मोजमापे घेत आले आहे, आणि ती मोजमापे विश्वासार्ह प्रयोगशाळेची आहेत. तरीही या सगळ्या वादात भात, मासे, पाणी यांच्या तुलनेत औषधी वनस्पतींचा प्रश्न मागेच राहिला. त्याचे कारण उघड आहे: अन्नाच्या यादीत औषध बसत नाही, आणि औषधाच्या यादीत ओझाने, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूने, दिलेली मुळी बसत नाही.

खरे तर संथाळांच्या औषधविद्येची नोंद भारतातल्या फार थोड्या आदिवासी समाजांच्या वाट्याला आली इतकी तपशीलवार झालेली आहे. पॉल ओलाफ बोडिंग या नॉर्वेजियन मिशनऱ्याने संथाळी औषधे आणि त्यांच्याशी निगडित लोकसमजुती यांवर लिहिलेला त्रिखंडी ग्रंथ बंगालच्या एशियाटिक सोसायटीने १९२५ ते १९४० च्या दरम्यान छापला. बोडिंगचे काम जादुगोड्यापासून दूर, संथाळ परगण्यात झाले आणि त्याच्या दृष्टीला धर्मप्रसारकाच्या मर्यादाही होत्या. परंतु कोणत्या दुखण्यावर कोणती मुळी, कशात वाटून, कशी द्यायची, हे त्याने मन लावून लिहून ठेवले. किरणोत्साराचे मोजमाप करणाऱ्याने नमुन्यांची यादी करताना अशा नोंदींपासून आणि आजच्या हयात जाणत्यांपासून सुरुवात केली पाहिजे. प्रयोगशाळेला सोयीच्या वनस्पती निवडून पोत्याने नमुने आणले आणि गावात प्रत्यक्ष उकळली जाणारी मुळी त्यात नसलीच, तर हजार मोजमापांचाही उपयोग नाही.

असे काम होऊ शकते, याचा दाखला अमेरिकेतल्या नावाहो लोकांच्या प्रदेशात मिळतो. ते स्वतःला डिने म्हणवतात. १९४४ ते १९८६ या काळात त्यांच्या भूमीतून सुमारे तीन कोटी टन युरेनियमयुक्त दगड काढला गेला आणि पाचशेहून अधिक खाणी तशाच सोडून दिल्या गेल्या. १९७९ च्या १६ जुलैला न्यू मेक्सिकोतल्या चर्च रॉक येथे गाळाच्या तळ्याचा बांध फुटून हजारभर टन गाळ आणि ३५ कोटी लिटरहून अधिक आम्लधर्मी पाणी पुएर्को नदीत गेले. त्या प्रदेशात औषधी वनस्पती आणि मेंढ्या यांतील युरेनियम व इतर धातू मोजण्याचे काम डिने समाजातल्याच एका परिचारिका-संशोधिकेने हाती घेतले. कोणती वनस्पती विधीसाठी, कोणती चहासाठी, कोणती जखमेवर, हे तिला कोणाकडून भाषांतर करून घ्यावे लागले नाही. डिने राष्ट्राने २००५ मध्ये कायदा करून आपल्या भूमीत युरेनियमचे खाणकाम बंद केले. जादुगोड्याला हा मार्ग खुला नाही, देशाच्या अणुधोरणाचा तो भाग आहे. पण मोजणाऱ्यांमध्ये तिथल्या लेकीसुना असाव्यात, एवढी गोष्ट कोणत्याही धोरणाच्या आड येत नाही.

उरतो प्रश्न गावाबाहेर जाणाऱ्या मालाचा. रानातून गोळा केलेली मुळी आठवड्याच्या हाटात जाते, तिथून छोट्या व्यापाऱ्याकडे, त्याच्याकडून अडत्याकडे, तिथून शहरातल्या काष्ठौषधीच्या दुकानात किंवा कारखान्यात. वाटेत चार जिल्ह्यांचा माल एका पोत्यात मिसळतो आणि मिसळतो तेव्हा एखाद्या ठिकाणचा दोष पातळ होतो, हे खरे. पण त्याच क्षणी मुळीचे जन्मस्थान कायमचे पुसले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या औषधी वनस्पती-संकलनाच्या मार्गदर्शनात रस्त्याच्या कडा, सांडपाण्याचे चर, कचऱ्याचे ढीग आणि खाणीच्या गाळाचे ढीग यांच्या आसपास वनस्पती गोळा करू नयेत, असे स्पष्ट सांगितले आहे. सुश्रुताच्या यादीशेजारी ही यादी ठेवली, तर दोन हजार वर्षांच्या अंतरावरून दोघेही एकच गोष्ट सांगत असल्याचे दिसते: आधी जमीन पाहा.

आपल्याकडच्या मानकांत मात्र जमिनीऐवजी अंतिम मालातल्या चार धातूंची तपासणी ठेवलेली आहे: किलोमागे शिसे १० मिलिग्रॅम, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ मिलिग्रॅमपर्यंत. ही तपासणी अत्यावश्यक आहे, पण ती वजनावर चालते, आणि किरणोत्सारी द्रव्य वजनाच्या तराजूत येतच नाही. ५०० बेकरेल शिसे-२१० चे वजन एका ग्रॅमच्या अब्जांशाहूनही कमी भरते. किलोला १० मिलिग्रॅमच्या मर्यादेत ते असले काय आणि नसले काय, शिशाच्या साध्या तपासणीला त्याचा पत्ता लागणार नाही. रेडियम आणि शिसे-२१० गॅमा वर्णपटमापकावर ओळखता येतात, पोलोनियमसाठी रासायनिक पृथक्करण करून अल्फा कण मोजावे लागतात, आणि युरेनियम तर आज कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेत सूक्ष्म प्रमाणातही मोजता येते. पिण्याच्या पाण्यासाठी युरेनियमची मर्यादा ठरलेलीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची लिटरला ३० मायक्रोग्रॅम, आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची ६०. देशातल्या प्रत्येक पुडीसाठी असे मापन करावे, असे कोणी म्हणणार नाही. पण खाणपट्ट्यातल्या जिल्ह्यांतून निघणाऱ्या मुळांच्या, सालींच्या आणि पंचांगांच्या घाऊक मालासाठी ते करणे, त्या मालाच्या पोत्यावर गावाचे नाव टिकवून ठेवणे, आणि निकाल हिंदीत, संथाळीत, हो भाषेत त्या त्या हाटात लावणे, हे सगळे आजच्या यंत्रणेच्या आवाक्यातले आहे. त्याचा खर्च मुळी खणणाऱ्या बाईच्या भावातून कापला जाता कामा नये. गाळ तिने केलेला नाही. आणि एखाद्या गावची मुळी नाकारायची वेळ आली, तर तिला त्याच जातीची स्वच्छ रोपे आणि ती लावायला स्वच्छ जागा देणे हे नाकारणाऱ्याचेच कर्तव्य ठरते, कारण नाही म्हटल्याने तिचे दुखणे थांबत नाही आणि जवळचा दवाखानाही जवळ येत नाही.

शरद ऋतूत, दुर्गापूजेच्या सुमारास, सुवर्णरेखेच्या वाळवंटापासून तळ्यांच्या बांधांपर्यंत सगळीकडे काशाला पांढरे तुरे येतात. त्याचे बी कापसासारखे हलके असते आणि वाऱ्यावर दूरवर जाते. कुंपण त्याला अडवू शकत नाही. तळ्यावरचा तुरा आणि नदीकाठचा तुरा शेजारी शेजारी धरले, तर रंगात, उंचीत, वासात काहीच फरक सापडत नाही, आणि दोन्हींची मुळे धुऊन वाळवून एका परडीत ठेवली, तर जाणत्या ओझालाही ती वेगळी काढता येणार नाहीत. ती कुठून खणली, हे फक्त खणणाऱ्या हाताला ठाऊक असते.